जुना संगणक बंद करण्याआधी त्यातले ड्रायव्हर काढून ठेवा

ऑक्टोबर-नोव्हेंबर हे वाशिम जिल्ह्यात संगणकाच्या कसोटीचे महिने. सोयाबीन घरात येते आणि वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीरच्या बाजार समित्यांकडे ट्रॅक्टर निघतात. भुईकाट्यावर रांग लागते. त्याच नोव्हेंबरात पेन्शनधारक म्हातारी माणसे हयातीच्या दाखल्यासाठी सेवा केंद्राच्या पायरीवर सकाळपासून बसलेली असतात. जुना संगणक नेमका याच दिवसांत मान टाकतो. धावपळ करून अकोल्याहून किंवा वाशिमच्या पाटणी चौकातून नवा आणला जातो, आणि मग कळते की अंगठ्याचे मशीन, सहीचा टोकन किंवा काट्याची केबल यांतले काहीच त्याला ओळखता येत नाही.

त्यात विंडोज १० चा अधिकृत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या केंद्रांत आणि ग्रामपंचायतींत संगणक बदलणे पुढे ढकलले जात होते, त्यांनाही आता ते टाळता येणार नाही. म्हणून हा लेख सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी, ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकांसाठी आणि काट्यावर बसणाऱ्या मुलांसाठी लिहितो आहे. सांगायचे मुख्य आहे ते एकच: नव्या संगणकासाठीचा ड्रायव्हर इंटरनेटवर शोधत बसू नका. तो तुमच्या जुन्या, चालू असलेल्या संगणकातच आहे. तो संगणक चालू आहे तोवर काढून घ्या.

माऊस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह यांची चिंता नको. ती उपकरणे ठरलेल्या पद्धतीने बोलतात आणि त्यांचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो. बहुतेक नामांकित प्रिंटरही इंटरनेट जोडले की आपले आपण बसतात. अडचण येते ती ठरावीक कामासाठी बनवलेल्या, बाजारात कमी खपणाऱ्या उपकरणांची. त्यांचा ड्रायव्हर उत्पादकाने स्वतः लिहिलेला असतो, सोबत आलेली सीडी कधीच हरवलेली असते, आणि ज्याने पहिल्यांदा बसवून दिले तो मुलगा आता पुण्याला नोकरीला गेलेला असतो.

आधी जुन्या संगणकासमोर बसा. उपकरण जोडलेले आणि काम करत असलेले हवे. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, उपकरणाच्या नावावर दोनदा क्लिक करा, ‘डिटेल्स’ या भागात जा आणि खालच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. तिथे व्हीआयडी आणि पीआयडी असे दोन सांकेतिक आकडे दिसतील. पहिला आकडा चिप किंवा उपकरण बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या नगाच्या प्रकाराचा. डब्यावर छापलेल्या नावापेक्षा हे आकडे खरे मानायचे, कारण एकच केबल दहा नावांनी विकली जाते, आतली चिप मात्र एकच असते. उदाहरणार्थ, व्हीआयडी १ए८६ आणि पीआयडी ७५२३ दिसले की आत सीएच३४० ही चिनी चिप आहे, मग वरच्या डब्यावर काहीही लिहिलेले असो. ०६७बी आणि २३०३ म्हणजे प्रोलिफिकची पीएल२३०३. ०४०३ आणि ६००१ म्हणजे एफटीडीआय. हे आकडे वहीत उतरवा आणि त्या पडद्याचा मोबाइलवर फोटोही काढा. शेजारच्या ‘ड्रायव्हर’ या भागात आवृत्ती आणि तारीख असते, तीही लिहून ठेवा.

आता प्रत्यक्ष काढायचे काम. पेनड्राइव्हवर एक रिकामे फोल्डर आधीच तयार करा, कारण फोल्डर नसेल तर पुढची आज्ञा चूक दाखवून थांबते. कमांड प्रॉम्प्ट ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा. मग इंग्रजी अक्षरांत पी-एन-पी-यू-टी-आय-एल असे सलग लिहा. एक जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला लागून ‘एक्स्पोर्ट-ड्रायव्हर’ (मधली आडवी रेघ विसरू नका), पुन्हा एक जागा सोडून चांदणीचे चिन्ह, आणि शेवटी पेनड्राइव्हवरच्या त्या फोल्डरचा पत्ता. एंटर दाबले की विंडोजसोबत न आलेले, म्हणजे बाहेरून बसवलेले सगळे ड्रायव्हर एकेका फोल्डरात उतरतात. ही सोय विंडोज १० च्या २०१६ सालच्या १६०७ या आवृत्तीपासून आहे. जुन्या संगणकावर विंडोज ७ असेल तर ही आज्ञा चालणार नाही. तिथे सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हरस्टोअर, फाइलरिपॉझिटरी या वाटेने जाऊन हव्या त्या ड्रायव्हरचे अख्खे फोल्डर उचलून आणा.

फोल्डर उघडून पाहा. आयएनएफ शेपटीची एक साधी मजकुराची फाइल असते, ती नोटपॅडमध्ये उघडते. कोणत्या व्हीआयडी-पीआयडीसाठी कोणती फाइल कुठे बसवायची, हे त्यात लिहिलेले असते. एसवायएस शेपटीची फाइल म्हणजे प्रत्यक्ष ड्रायव्हर. आणि सीएटी शेपटीची फाइल म्हणजे या सगळ्या फाइलींवरची डिजिटल सही. या तिन्ही एकत्रच राहिल्या पाहिजेत. नुसती एसवायएस फाइल उचलून नव्या संगणकावर टाकणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने काहीही होत नाही. वहीत उतरवलेला पीआयडी ज्या आयएनएफ फाइलमध्ये सापडेल ते फोल्डर तुमचे. सीएच३४० चे असेल तर बहुधा त्याच्या नावात सीएच३४१एसईआर अशी अक्षरे असतील, ते पाहून गोंधळू नका, दोन्ही चिपांना तोच ड्रायव्हर चालतो.

एक इशारा इथेच देतो. सगळे फोल्डर काढले म्हणून सगळे नव्या संगणकात ओतू नका. जुन्याच्या ग्राफिक्सचा, आवाजाचा, मदरबोर्डचा ड्रायव्हर नव्याला नको असतो. हवे तेवढे दोन-तीन फोल्डर वेगळे काढा आणि बाकीचे तसेच राहू द्या.

जुना संगणक सुरूच होत नसेल तरी हार मानू नका. बहुतेक वेळा जळतो तो पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्ड, हार्ड डिस्क शाबूत असते. ती बाहेर काढून यूएसबी केसमध्ये घाला आणि दुसऱ्या संगणकाला जोडा. वर सांगितलेले फाइलरिपॉझिटरीचे फोल्डर त्यातून वाचता येते. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर मात्र रिकव्हरी की लागेल. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर हे कुलूप आपोआप लागलेले असते, म्हणून ती की आजच छापून कपाटात ठेवा.

नव्या संगणकावर बसवताना आधी उपकरण काढून ठेवा. उत्पादकाचा सेटअप असेल तर तो आधी चालवायचा आणि तो सांगेल तेव्हाच उपकरण लावायचे. नुसता आयएनएफचा संच असेल तर आयएनएफ फाइलवर उजवी क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हणा. विंडोज ११ मध्ये हा पर्याय ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मागे दडलेला असू शकतो. किंवा तीच पीएनपीयूटिल आज्ञा ‘अॅड-ड्रायव्हर’ शब्दाने, पुढे आयएनएफचा पत्ता आणि शेवटी तिरपी रेघ देऊन ‘इन्स्टॉल’, अशी द्या. उपकरण थेट संगणकाच्या मागच्या पोर्टला लावा, चार तोंडांच्या स्वस्त हबला नको. हबमधून वीज कमी पडली की अंगठ्याचे मशीन मधूनच गायब होते आणि माणूस ड्रायव्हरला दोष देत बसतो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसला तर घाबरू नका, त्यावर दोनदा क्लिक करून कोड वाचा. २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. १० म्हणजे बसला, पण उपकरण सुरू होत नाही. पोर्ट बदला, केबल बदला, मग दुसरी आवृत्ती पाहा. ५२ म्हणजे विंडोजला ड्रायव्हरची सही पटलेली नाही. जुना संगणक ३२ बिटचा आणि नवा ६४ बिटचा असेल तर जुना ड्रायव्हर मुळीच चालणार नाही, त्याची ६४ बिटची आवृत्ती उत्पादकाकडूनच घ्यावी लागेल. फोल्डरच्या नावात एएमडी६४ दिसले तर तो ६४ बिटचा. इंटेलच्या प्रोसेसरलाही तोच लागतो, एएमडी हे नाव पाहून फोल्डर बाजूला टाकू नका. अलीकडे स्नॅपड्रॅगनवर चालणारे लॅपटॉपही दुकानात दिसतात. ते घरकामाला उत्तम असतील, पण त्यांना एआरएम६४ साठी वेगळा लिहिलेला ड्रायव्हर लागतो, आणि लहान उत्पादक तो सहसा देत नाहीत. सेवा केंद्रासाठी तसला लॅपटॉप घेऊ नका.

कोड ५२ आला की कोणीतरी हमखास एक युक्ती सांगतो: संगणक सुरू होताना सही तपासणे बंद करायचे, किंवा टेस्ट मोड चालू ठेवायचा. दुसरी युक्ती म्हणजे विंडोज ११ च्या ‘कोअर आयसोलेशन’मधली ‘मेमरी इंटिग्रिटी’ बंद करायची. ड्रायव्हर हा विंडोजच्या गाभ्यात, सर्वांत वरच्या अधिकाराने चालणारा प्रोग्राम आहे. कीबोर्डवर काय टाइप होते, यूएसबीतून काय जाते-येते, सगळे त्याच्या नजरेखाली येऊ शकते. ज्या संगणकावर गावातल्या माणसांचे आधार उघडले जाते आणि ग्रामपंचायतीचा पैसा हलतो, तिथे दारावरचा पहारेकरीच काढून टाकणे मला मान्य नाही. आयएनएफ फाइलमध्ये आकडे बदलून दुसऱ्याचा ड्रायव्हर आपल्या उपकरणाला चिकटवण्याचाही तोच दोष. फाइल बदलली की सही मोडते. सही पटत नसेल तर उत्पादकाला नवा ड्रायव्हर मागा. तो देत नसेल तर उपकरण बदला. आणि ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाचे जे फुकट प्रोग्राम इंटरनेटवर हाका मारतात, त्यांना कार्यालयाच्या संगणकाच्या जवळही फिरकू देऊ नका.

आता एकेका उपकरणाकडे येऊ. सर्वांत जास्त फोन येतात ते अंगठ्याच्या मशीनचे. मंगरूळपीर तालुक्यातल्या एका केंद्रचालक मुलाचा आवाज अजून आठवतो: “दादा, मशीन तर दिसून राह्यली, पण अंगठा घेऊन नाही राह्यली.” त्याच्यापुढे निराधार योजनेच्या बाया बसलेल्या होत्या, एकेकीची मजुरी बुडत होती. ड्रायव्हर व्यवस्थित होता. त्याने जुन्या संगणकातून नीट आणून बसवला होता. नव्हती ती आरडी सेवा.

हे समजून घेण्यासारखे आहे. आधार प्राधिकरणाने २०१७ पासून नोंदणीकृत उपकरणेच वापरण्याचे बंधन घातले. पूर्वी मशीन अंगठ्याची प्रतिमा संगणकाला देत असे आणि संगणक ती पुढे पाठवत असे. मधल्यामध्ये कोणी ती साठवून पुन्हा वापरली तर पकडणे अवघड होते. आता उत्पादकाचा एक प्रोग्राम, म्हणजे आरडी सेवा, उपकरणाची ओळख पटवतो, ठसा सही करून कुलूपबंद करतो आणि मगच संकेतस्थळाकडे सोपवतो. एल१ प्रकारच्या नव्या मशीनमध्ये हे कुलूप मशीनच्या आतल्या सुरक्षित भागातच लागते, म्हणून ती अधिक भरवशाची. मंत्रा, मॉर्फो, स्टारटेक या प्रत्येकाची आरडी सेवा वेगळी, आणि एकाच कंपनीच्या एमएफएस१०० व एमएफएस११० या दोन मशीनांचीसुद्धा वेगळी. पीएनपीयूटिलने काढलेल्या संचात ती येत नाही. ती उत्पादकाच्या संकेतस्थळावरून मॉडेलचे नाव पाहून घ्यायची आणि तिची मुदत संपली असेल तर मशीनचा अनुक्रमांक देऊन नूतनीकरण करायचे. नोंद मशीनची असते. त्यामुळे संगणक बदलला तरी मशीन तेच राहते, नवे घ्यावे लागत नाही.

आरडी सेवा बसली तरी अंगठा येत नसेल तर पुढचे पाहा. ‘सर्व्हिसेस’ची यादी उघडून ती सेवा ‘रनिंग’ दिसते का, आणि संगणकासोबत आपोआप सुरू व्हावी असे तिथे नेमले आहे का. ही सेवा तुमच्याच संगणकावर ११,१०० ते ११,१२० यांपैकी एका पोर्टवर संकेतस्थळाची वाट पाहत बसलेली असते. अँटिव्हायरस तो पोर्ट अडवत असेल तर त्यात तिला सूट द्या, अँटिव्हायरस काढून टाकू नका. ब्राउझरच्या नव्या आवृत्त्या विचारतात की या संकेतस्थळाला तुमच्या संगणकावरच्या किंवा स्थानिक नेटवर्कवरच्या उपकरणांशी बोलू द्यायचे का. घाईत एकदा ‘ब्लॉक’ दाबले गेले की पुढे सगळे ठीक असूनही अंगठा येत नाही. पत्त्याच्या पट्टीच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून ती परवानगी परत देता येते. जुन्या दुसऱ्या कंपनीच्या मशीनची आरडी सेवा पडून असेल आणि ती मशीन वापरात नसेल, तर ती काढून टाका, म्हणजे चुकीच्या सेवेकडे विचारणा जाणार नाही. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये मशीनच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ भागात जाऊन वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची मुभा काढून घ्या. अर्ध्या तासाने मशीन झोपते ही तक्रार एवढ्याने संपते.

घड्याळही पाहा. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल संपलेला असला की प्रत्येक वेळी लाइट गेली की तारीख मागे जाते. आपल्याकडे लाइट किती वेळा जाते हे सांगायला नको. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, सही पटत नाही, आरडी सेवा रुसते. दुकानातून नवा सेल आणून बदलला की ‘ड्रायव्हरचा’ म्हणून चार दिवस छळणारा प्रश्न सुटल्याची उदाहरणे कमी नाहीत. ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल हयातीच्या दाखल्याची योजना १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली, ती म्हाताऱ्यांची कोषागारापर्यंतची खेप वाचावी म्हणून. त्यांना केंद्रावरून दोनदा परत पाठवले तर ती खेप दुसऱ्या वाटेने त्यांच्या माथी येतेच. म्हणून नोव्हेंबरच्या रांगेआधी, ऑक्टोबरातच, स्वतःचा अंगठा लावून सगळे तपासून घ्या.

ग्रामपंचायतीत दुसरे उपकरण असते ते डिजिटल सहीचा टोकन. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीतून वित्त आयोगाच्या पैशाचे देयक निघते तेव्हा ग्रामसेवक, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात ते, आणि सरपंच अशा दोघांच्या सह्या लागतात. दोघांचे टोकन वेगवेगळ्या कंपनीचे असू शकतात, मग ड्रायव्हरही दोन बसवावे लागतात. टोकनमधली खासगी किल्ली टोकनच्या बाहेर येतच नाही, तशीच ती घडवलेली असते. त्यामुळे जुन्या संगणकातून सही ‘कॉपी’ करून आणण्याचा विचारच करू नका. ब्राउझरमधून किंवा विंडोजच्या यादीतून काढलेल्या प्रमाणपत्राच्या फाइलमध्ये किल्ली नसते. नव्या संगणकावर फक्त टोकनचा ड्रायव्हर व त्याचा छोटा हाताळणी प्रोग्राम बसवायचा, टोकन लावायचा, आणि प्रमाणपत्र आपोआप दिसते. पोर्टलला सही पुरवणारा सहायक प्रोग्राम वेगळा असतो, तोही ज्या त्या पोर्टलवरूनच घ्या.

इथे एक चूक पैशाची आणि दिवसांची माती करते. टोकनच्या हाताळणी प्रोग्राममध्ये ‘इनिशिअलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ असे बटण असते. टोकन ओळखला जात नाही म्हणून कोणी ते दाबले, की आतले प्रमाणपत्र कायमचे पुसले जाते. मग नवीन प्रमाणपत्र काढा, ओळख पटवा, पोर्टलवर पुन्हा नोंदवा, वरिष्ठांची मंजुरी घ्या; तोवर गावाची देयके अडकून राहतात. त्या बटणाला हात लावू नका. चुकीचा पासवर्डही पुन्हा पुन्हा टाकून पाहू नका, ठरावीक प्रयत्नांनंतर टोकन कुलूपबंद होतो. १ जानेवारी २०२१ पासून भारतात वर्ग २ ची प्रमाणपत्रे देणे बंद झाले असून आता वर्ग ३ चीच मिळतात. नवीन घेताना कोणी स्वस्तात वर्ग २ देऊ करत असेल तर तिथून उठा. सरपंचताईंचा टोकन संगणकाला कायम लावून ठेवणे आणि पासवर्ड पडद्यावर चिकटवणे ही पद्धत मात्र संगणक बदलताना सोडूनच द्या. नव्या संगणकासोबत नवी शिस्त लावणे सोपे जाते. टोकन ज्याचा त्याच्या खिशात, सही करताना तो स्वतः समोर.

काट्याचे प्रकरण मला सर्वांत जिव्हाळ्याचे वाटते, कारण तिथे शेतकऱ्याचे वर्षभराचे पीक त्या एका आकड्यात उतरते. भुईकाट्याचा इंडिकेटर वजनाचा आकडा सिरियल पोर्टमधून, आरएस-२३२ पद्धतीने, सतत सोडत असतो. बहुतेक नव्या संगणकांना तो नऊ पिनांचा पोर्ट नसतो, म्हणून मध्ये यूएसबी-सिरियल केबल येते आणि ड्रायव्हर लागतो तो त्या केबलच्या चिपला.

केबलमध्ये जुनी प्रोलिफिक चिप असेल तर नव्या विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर तिच्या नावासमोरच सांगतो की ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, विक्रेत्याशी बोला. पूर्वी बाजारात नकली प्रोलिफिक चिपांचा सुळसुळाट होता आणि कंपनीने नव्या ड्रायव्हरमध्ये जुन्या प्रकारांचा पाठिंबाच काढून घेतला. जुना ड्रायव्हर खुपसून ती केबल चालवता येते, पण विंडोज अपडेट पुन्हा नवा बसवते आणि ऐन गर्दीत काटा बंद पडतो. एफटीडीआयच्या बाबतीत तर २०१४ साली कंपनीचा ड्रायव्हर नकली चिपांचा पीआयडी शून्य करून टाकत होता, केबल कुठल्याच संगणकाला ओळखू येईनाशी होत होती. मोठी ओरड झाल्यावर तो मागे घेतला गेला. यातून घ्यायचे ते एवढेच, की काट्यासाठी खात्रीची केबल विकत घ्या आणि तशीच दुसरी एक कपाटात ठेवा. जुन्या केबलशी झगडण्यात अर्धा दिवस गेला तर बाहेर ट्रॅक्टरांची रांग डांबरी रस्त्यापर्यंत जाते.

ड्रायव्हर बसला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्ट्स’खाली केबल दिसते आणि पुढे कॉम क्रमांक. वजनाचा प्रोग्राम जुन्या संगणकावर कॉम ३ वाचत होता आणि नव्यावर केबल कॉम ७ झाली, तर पडद्यावर शून्यच राहणार. केबलच्या गुणधर्मांतल्या ‘पोर्ट सेटिंग्ज’ आणि ‘अॅडव्हान्स्ड’ मध्ये जाऊन क्रमांक बदलता येतो. सीएच३४० सारख्या चिपांना सहसा स्वतःचा अनुक्रमांक नसतो. म्हणून विंडोज त्यांना कोणत्या तोंडात लावल्या यावरून ओळखते, आणि तोंड बदलले की नवा कॉम क्रमांक देते. झाडू मारताना कोणी केबल काढून शेजारच्या तोंडात लावली, एवढ्यानेच काटा ‘खराब’ होतो. ज्या तोंडात केबल लावली त्याला रंगीत चिकटपट्टी लावा. बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी आणि स्टॉप बिट हे चार आकडे जुन्या प्रोग्रामच्या सेटिंगमधून जसेच्या तसे उतरवा. बॉड रेट चुकला तर वजनाऐवजी विचित्र चिन्हे येतात, ती दिसली की ड्रायव्हर ठीक आहे आणि वेग चुकला आहे, असे समजा. शेवटी इंडिकेटरवरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा शेजारी ठेवून रिकाम्या काट्यावर, एका माणसासह आणि भरल्या गाडीसह असा तीनदा ताडून पाहा. पावती पडद्यावरून छापली जाते, आणि शेतकरी तिच्यावर विश्वास ठेवतो.

शाळा-महाविद्यालयातली मुले आता स्वतः मातीतल्या ओलाव्याचे किंवा पाण्याच्या टाकीचे छोटे उपकरण बनवतात. आर्डुइनोसारख्या स्वस्त बोर्डांवर बहुतेक तीच सीएच३४० चिप असते, तेव्हा वरचेच सगळे लागू. पण जे दुसऱ्याला विकण्यासाठी उपकरण बनवणार आहेत त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे: शक्यतो स्वतःचा ड्रायव्हर लिहूच नका. एचआयडी, सीडीसी किंवा विनयूएसबी या ठरलेल्या प्रकारांत उपकरण बसवले तर विंडोज १० आणि ११ मधला तयार ड्रायव्हर त्याला उचलतो. मग ग्राहकाच्या संगणकावर काहीच बसवावे लागत नाही, सहीचाही प्रश्न उरत नाही. लिनक्स वापरणाऱ्यांना तर सीएच३४०, प्रोलिफिक, एफटीडीआय तिन्ही कर्नेलमध्येच मिळतात. वेगळा मॉड्यूल लागलाच तर तो ज्या कर्नेलसाठी बांधला त्यालाच चालतो; कर्नेल अद्ययावत झाला की पुन्हा बांधावा लागतो, आणि ते काम आपोआप व्हावे म्हणून डीकेएमएस वापरा.

काढलेले फोल्डर फक्त एका पेनड्राइव्हवर ठेवू नका. एक प्रत केंद्रातल्या दुसऱ्या संगणकावर, एक घरी. प्रत्येक फोल्डरात एक साधी मजकूर फाइल टाका: उपकरणाचे नाव व अनुक्रमांक, व्हीआयडी-पीआयडी, ड्रायव्हरची आवृत्ती, कोणत्या विंडोजवर चालला, कॉम क्रमांक व वेग, आरडी सेवेची मुदत. पासवर्ड त्यात लिहू नका.

पुढच्या वेळी ग्रामपंचायत किंवा केंद्र नवे उपकरण मागवेल तेव्हा पुरवठा आदेशातच लिहून घ्या की विंडोज ११ साठीचा ६४ बिटचा, सही असलेला ड्रायव्हर पेनड्राइव्हवर द्यावा, आरडी सेवा किती वर्षांची आहे ते कागदावर द्यावे, आणि संगणक बदलल्यास पुन्हा बसवून देण्याची जबाबदारी किती काळ राहील तेही नमूद करावे. बिल मंजूर करण्याआधी विक्रेत्याला आपल्या डोळ्यांदेखत ते उपकरण दुसऱ्या एका संगणकावर बसवून दाखवायला सांगा.